काळ्या मातीचा आकडा

"भिजवायची काही गरज नाही," गद्रे साहेब खड्ड्याच्या काठावरून म्हणाले. "इथं माणसांना प्यायला पाणी नाही, आणि तू मातीला पाजत बसणार?"

मी खड्ड्यात उभी होते. मांडवखेडच्या धावपट्टीच्या कडेला आम्ही तो खणवून घेतला होता. मे महिन्याचं वऱ्हाडातलं ऊन म्हणजे काय ते तिथं उभं राहिल्याशिवाय कळायचं नाही. काळी माती दगडासारखी झाली होती. पहार मारली की हाताला झिणझिण्या येत. आणि भेगा अशा की मी गंमत म्हणून एकीत हात घातला तर कोपरापर्यंत आत गेला.

"साहेब, नियमात चार दिवस भिजवा असं स्पष्ट आहे."

"नियम लिहिणारा कोकणातला असेल. हा दुष्काळी तालुका आहे, कुंदा. वाळलेली माती वाळलेलीच राहते इथली. आहे तशी दाब आणि आकडा काढ."

आता हे आकड्याचं प्रकरण सांगायला हवं, नाहीतर पुढचा तमाशा कळणार नाही. प्रत्येक धावपट्टीला एक आकडा असतो आणि प्रत्येक विमानालाही. विमानाचा आकडा म्हणजे ते जमिनीवर किती भार टाकतं. धावपट्टीचा आकडा म्हणजे ती किती भार पेलते. विमानाचा मोठा निघाला तर त्यानं तिथं उतरायचं नाही. इतकं सोपं. वैमानिक काही धावपट्टी खणून बघायला येत नाही. तो छापलेला आकडा वाचतो, विश्वास ठेवतो आणि शे-दीडशे माणसं घेऊन खाली येतो. तो आकडा काढणं हे आमच्या खात्याचं काम होतं. डांबराचा थर किती जाड, त्याखाली खडी किती आणि सगळ्यात खाली माती कसली, यावर तो ठरतो. वरचं डांबर कितीही काळं कुळकुळीत असो, शेवटी ओझं मातीच्या डोक्यावर.

खात्यात जमिनीवर जाऊन तपासणी करणारी मी पहिली बाई. त्याआधी तीन वर्षं मला ड्रॉइंगच्या टेबलावर बसवून ठेवलं होतं, कारण बाईमाणूस उन्हातान्हात खड्ड्यात कुठं उतरणार! गद्रे साहेबांनी वरच्यांशी भांडून मला तिथून सोडवलं. काम शिकवलं तेही त्यांनीच. त्यांचं एक वाक्य मला पाठ होतं: "आकडा मोठ्यानं सांगायचा. पुटपुटलेला आकडा खोटा असतो." असा माणूस मला माती कोरडी दाबायला सांगत होता.

मी कोरडी दाबली. आकडा आला एकेचाळीस. साहेब खूश झाले. मांडवखेडला जे जेट आणायचं घाटत होतं, त्याचा आकडा चाळीस होता.

पण मी वऱ्हाडातलीच. आमच्या घराच्या भिंतीला एक भेग होती. उन्हाळ्यात तीतून शेजारच्यांचं अंगण दिसे आणि श्रावणात ती अशी मिटे की जणू नव्हतीच. न्हाणीघराचं दार पावसाळाभर लागायचं नाही. काळी माती उन्हाळ्यात आक्रसते आणि पावसाळ्यात फुगते, मऊ पडते, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. साहेब पुण्याचे. त्यांनी ती पुस्तकात वाचली होती, पायाखाली घेतली नव्हती.

म्हणून मी मातीचा एक लोखंडी साचा भरून सरकारी विश्रामगृहावर नेला. तिथं दिवसाला माणशी दोन बादल्या पाणी मिळे. माझ्या वाट्यातली एक बादली मी साच्याला दिली आणि चार दिवस अंग पुसून काढले. चोरून काही केलं नाही. न्हाणीचं दार उघडं टाकलं होतं. साहेब येता-जाता बघत आणि मान हलवत.

"वेडी आहेस."

"असू दे साहेब."

चौथ्या दिवशी माती साच्याच्या वर आली होती, फुगलेल्या भाकरीसारखी. दाबयंत्राखाली धरली तर दट्ट्या लोण्यात बोट जावं तसा आत गेला. मी आकडेमोड केली आणि साहेबांच्या खोलीत जाऊन, त्यांनीच शिकवलं होतं तशी, मोठ्यानं सांगितली.

"एकोणीस."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "तो बाजूला ठेव."

"बाजूला म्हणजे कुठं?"

"बाजूला म्हणजे बाजूला, कुंदा!"

हे साहेबांचं ओरडणं मी पहिल्यांदा ऐकलं. त्यामागं कोण होतं हे कळायला मला दादाराव ठोसर भेटावे लागले.

दादाराव म्हणजे मांडवखेडचं मोठं प्रस्थ. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगते. दवाखाना आणला तो त्यांनी, कॉलेज आणलं ते त्यांनी. आता त्यांनी भर सभेत शब्द दिला होता की येत्या पोळ्याला मांडवखेडात जेट उतरेल आणि आपण स्वतः आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन त्यातून येऊ. धावपट्टी लांब झाली होती, डांबर चढलं होतं, नवी इमारत रंगवून तयार होती. उरला होता फक्त आकडा. साहेबांच्या वरच्या साहेबांनाही दादारावांचा फोन गेला होता, आणि साहेबांची निवृत्ती जवळ आली होती.

त्या वर्षी पाऊस असा लागला की दुष्काळी तालुका म्हणवणाऱ्या मांडवखेडची नदी दोनदा पुलावरून गेली. श्रावणाच्या सुरुवातीला आम्हाला तिथं बोलावणं आलं. नव्या इमारतीत नवं कोरं टेबल, त्यावर फोन. पद्धत अशी होती की तपासणी करणाऱ्यानं स्वतः मुंबईला फोन करून आकडा सांगायचा, पलीकडच्यानं तो परत म्हणून दाखवायचा, की आकडा पक्का. कागद मागून जाई. म्हणजे सांगणारी मी.

टेबलाशी तिघंच होतो. साहेब, मी आणि दादाराव. दारात मात्र कार्यकर्त्यांची दाटी आणि पेढ्यांचे खोके.

"मॅडम, तुम्ही तं आमच्याच भागातल्या," दादाराव अगदी मायेनं म्हणाले. "आपल्या गावात इमान येऊन राहिलं, याचा आनंद तुम्हाले सगळ्यात जास्त पाहिजे."

"आनंद आहेच," मी म्हटलं. "पण पावसाळ्यात ही जमीन जेट पेलणार नाही. मी माती भिजवून पाहिलीय."

"काहून नाही पेलणार? लष्कराचं केवढं मोठं इमान उतरलं होतं इथं, मी डोळ्यानं पाह्यलं! काही झालं नाही."

"कोणत्या महिन्यात?"

"शिमग्याच्या सुमारास."

"आणि आता काय चाललंय?"

दादारावांनी खिडकीबाहेर बघितलं. धावपट्टीच्या दोन्ही अंगांना पाणी साचलं होतं आणि त्यात बगळे उभे होते. पण पालथ्या घड्यावर पाणी. ते साहेबांकडं वळले. "गद्रे साहेब, तुम्ही तं म्हणाले होते एकेचाळीस."

साहेब माझ्याकडं न बघता म्हणाले, "कुंदा, फोन लाव. जो आकडा आपण मे महिन्यात काढला, तो सांग. नंतर तुला पुन्हा तपासता येईल. हिवाळ्यात."

"हिवाळ्यात माती पुन्हा वाळेल साहेब."

"हे बघ." साहेबांचा आवाज खाली आला. "वरून सांगितलंय. आज आकडा गेला नाही तर सोमवारपासून तू ड्रॉइंगच्या टेबलावर. माझ्या हातात काही नाही."

खोटं कशाला बोलू, मी घाबरले. ते टेबल, ती ट्यूबलाइट, दिवसभर दुसऱ्यांनी मोजून आणलेल्या रेघा गिरवायच्या. सगळं डोळ्यांपुढं आलं. पण त्याच वेळी मला आमचे बाबाही आठवले.

बाबा गुरांचे डॉक्टर. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं बैलांचे खांदे तूप-हळदीनं मळतात, खांदेशेकणी म्हणतात तिला. त्या संध्याकाळी बाबा गावात घरोघर हिंडून प्रत्येक बैलाच्या खांद्यावरून हात फिरवत. कुठं गाठ लागली की मालकाला सगळ्यांदेखत सांगत, "याला दोन महिने जुंपायचं नाही." मालक चिडत. एका पाटलानं तर अंगावर काठी उगारली. बाबा म्हणाले, "मारा. पण बैल बोलत नाही पाटील, म्हणून मी बोलतो." मी त्यांचं बोट धरून उभी होते.

मी फोन लावला. पलीकडं डिकॉस्टा नावाचे गृहस्थ असत. मी त्यांना मांडवखेडचं नाव सांगितलं.

"बोला मॅडम. आकडा?"

मी घसा साफ केला आणि दारातल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "एकोणीस."

"एकोणीस?" डिकॉस्टांनी परत विचारलं. "वन नाइन?"

"एक आणि नऊ. एकोणीस."

दादाराव असे उठले की खुर्ची मागं पडली. "काय लावलं हे! साहेब, तुमच्या डोळ्यासमोर ही बाई गावाचं नाक कापून राहिली!" कार्यकर्ते आत घुसले. कुणीतरी माझ्या हातातून रिसीव्हर ओढायला लागलं. मी सोडेना.

"थांबा!" गद्रे साहेब उठले. "मी बोलतो."

त्यांनी हात पुढं केला. त्यांच्या हातात मात्र मी रिसीव्हर दिला. माझे गुरू होते ते. साहेबांनी सगळ्यांकडं पाठ केली, खिडकीकडं तोंड करून दोन शब्द बोलले आणि फोन खाली ठेवला. काय बोलले ते कुणालाच ऐकू आलं नाही. ते पुटपुटले.

"झालं," साहेब वळून म्हणाले. "आकडा गेला."

दादारावांच्या जिवात जीव आला. पेढ्यांचे खोके उघडले. एक पेढा माझ्याही पुढं आला. मी तो घेतला नाही.

बाहेर जीपपाशी साहेब म्हणाले, "बस."

"तुम्ही पुटपुटलात, साहेब."

"कुंदा, गाडीत बस."

"पुटपुटलेला आकडा काय असतो, ते तुम्हीच शिकवलंत मला!"

मी गाडीत बसले नाही. एस्टी स्टँडपर्यंत चालत निघाले. धावपट्टीच्या कडेकडेनं आडवाट होती. काळ्या चिखलाच्या लगद्यानं चपला अशा धरल्या की पावलागणिक पाय जड होत गेले. शेवटी चपला हातात घेतल्या आणि रडत, संतापत, अनवाणी स्टँड गाठलं. माझ्या एवढ्याशा वजनानं ती जमीन खचत होती आणि त्यावर हे जेट उतरवणार होते.

सोमवारी मला टेबल मिळालं. साहेबांनी शब्द पाळला म्हणायचा. मी त्यांच्याशी बोलणं टाकलं.

आठवडाभरानं मुंबईहून छापील पत्रक आलं. नवे आकडे सगळ्या विमानतळांना, सगळ्या विमान कंपन्यांना गेले होते. माझ्या शेजारच्या टेबलावरच्यानं ते वाचलं आणि माझ्याकडं सरकवलं. मांडवखेडपुढं छापलं होतं: एकोणीस.

मी तशीच साहेबांच्या खोलीत गेले. ते जणू माझी वाटच बघत होते.

"हे कसं?"

"डिकॉस्टानं मला विचारलं, बाई एकोणीस म्हणतात, बरोबर का. मी म्हटलं, बरोबर आहे." साहेब चष्मा पुसायला लागले. "तू चार दिवस त्या मातीला आपली आंघोळ दिलीस. मी तीस वर्षं नियम शिकवले. मला खोटं बोलता आलं नाही."

मला भरून यायला हवं होतं. आलंही थोडं. पण त्याहून जास्त राग आला.

"मग मोठ्यानं का नाही बोललात?"

साहेब टेबलावरचे कागद सारखे करायला लागले.

"दादारावांना वाटतंय, साहेबांनी एकेचाळीस सांगितला होता आणि या बाईनं मागून काड्या केल्या. मांडवखेडात माझ्या नावानं शिमगा चाललाय. वरच्यांना तेच वाटतंय. तुम्ही ते तसंच वाटू दिलंत!"

"माझे शेवटचे चार महिने आहेत, कुंदा."

"आणि माझी वीस वर्षं आहेत!"

दार आपटून बाहेर आले. सगळ्या ऑफिसनं ऐकलं. ऐकू दे, म्हटलं.

जेटवाल्या कंपनीनं पत्रक वाचून हात वर केले. पण दादारावांनी शब्द दिलेला, तारीख ठरलेली. मग सत्तर माणसांचं, पंख्यांवर चालणारं छोटं विमान ठरलं. त्याचा आकडा एकोणिसाच्या आत बसत होता. गावात त्याचं नाव पडलं ‘ठोसरांचा पंखा’. मला समारंभाचं आमंत्रण नव्हतं. मी रजा टाकली आणि एस्टीनं गेले. आमंत्रण नसलं म्हणून काय झालं, आकडा माझा होता.

पोळ्याचा दिवस. धावपट्टीच्या कुंपणाबाहेर मंडप आणि मंडपाबाहेर गावच्या बैलजोड्या. शिंगांना बेगड, पाठीवर झुली, कपाळाला बाशिंगं. विमान आलं. उतरलं, थोडं घरंगळलं, थांबलं. पंखे थांबल्यावर दादारावांनी आईचा हात धरून तिला खाली आणलं. म्हातारीनं जमिनीला पाय लागताच हात जोडून कपाळाला टेकवले आणि म्हणाली, "आली बाप्पा खाली!" सगळे हसले. मीही हसले.

मग दादाराव माईकवर आले. साहेब व्यासपीठावर कडेच्या खुर्चीत बसले होते. मला त्यांनी पाहिलं होतं आणि ते पायांकडं बघत होते.

"बंधू-भगिनींनो, आज इथं जेट उभं असतं," दादाराव म्हणाले. "पण एका बाईच्या हट्टापायी आपल्याला पंख्यावर भागवावं लागलं. ही आकड्याची चूक आहे. आम्ही ती दुरुस्त करून घेऊ. दिवाळीला जेट!"

टाळ्या पडल्या. मी शेवटच्या रांगेतून उभी राहिले.

"चूक नाही! एकोणीसच आहे!"

माना वळल्या. दादाराव क्षणभर गडबडले, मग त्यांनी मला ओळखलं. "मॅडम, तुम्ही इथल्याच असून काहून आडव्या येऊन राहिल्या?"

रागावले की माझी शहरी भाषा गळून पडते. "मी इथलीच हाय, म्हणूनच सांगून राहिली! दादाराव, तुमची खिलारी जोडी भाएर उभी हाय. आज तिले गाडीले जुंपता का? म्हणता का, चुकलं तं दिवाळीले पाहून घेऊ?"

पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवणं म्हणजे काय, ते तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. पण एक कार्यकर्ता ओरडला, "साहेबांनी तं एकेचाळीस सांगितला होता! हिनंच बदलला! साहेब, सांगा ना!"

सगळे गद्रे साहेबांकडं बघायला लागले. मीही बघितलं. मी मान खाली घातली नाही, हात जोडले नाहीत, नजरेनं विनवणीही केली नाही. बोलायचं तर बोला, नाहीतर बसून राहा, हेच माझ्या मनात होतं.

साहेब उठले. चालत माईकपाशी आले. दादारावांनी हसून जागा दिली. साहेबांनी माईक बाजूला सारला.

"एकोणीस!" ते ओरडले. म्हाताऱ्या माणसाचा आवाज फाटला. "मुंबईला फोनवर बरोबर आहे असं मी सांगितलं. मी! त्या पोरीनं मातीचा आकडा काढला, आणि तो खरा आहे. मे महिन्यात मी तिला माती भिजवू नको म्हटलं, ते चुकलं. मी आता सांगतोय, सगळ्यांनी ऐका. एकोणीस!"

इतक्या मोठ्यानं की बाहेरच्या एका बैलानं मान झटकली आणि त्याच्या घुंगरांचा आवाज मंडपात ऐकू आला. मग साहेब खाली उतरले आणि मधल्या वाटेनं सरळ माझ्याकडं आले. लोक बाजूला होत गेले.

"मोठ्यानं झालं का?" त्यांनी विचारलं.

"झालं," मी म्हटलं. डोळे पुसले नाहीत. वाहू दिले.

साहेबांना त्या चार महिन्यांत कोपऱ्यातली खोली आणि रिकामं टेबल मिळालं. निरोपसमारंभाला वरचे कुणी आले नाहीत. मला खड्डे परत मिळायला दोन वर्षं लागली. पण मिळाले, आणि त्यानंतर आजपर्यंत कुणी मला माती कोरडी दाब म्हणालेलं नाही.

मांडवखेडची धावपट्टी पुढं उखडली. खालची काळी माती पुरुषभर उपसली, मुरूम भरला, पाणी वाहून जायला दोन्ही अंगांना गटारं काढली. आता तिथं जेट येतं. आकडा मी काढला, भिजवून.

दादाराव अजून आहेत. नव्वदीला टेकलेत, कान गेलेत, मिजास तशीच. गेल्या वर्षी विमानतळावर भेटले. मुलाकडं चालले होते, त्याच जेटनं. मला काठीनं खुणावून जवळ बोलावलं. इतक्या वर्षांचा तो एकच प्रश्न त्यांच्या पोटात राहिला होता.

"मॅडम, खरं सांगजा. तवा त्या पोळ्याले जेट उतरवलं असतं, मायसंगं मी बसलो असतो त्यात, तं काय झालं असतं? काहीच तं नाही झालं शेवटी!"

त्यांना ऐकू जावं म्हणून मी त्यांच्या कानाशी वाकले आणि साहेबांनी शिकवलं होतं तसं, मोठ्यानं सांगितलं.

"नाई उतरवलं, म्हणूनच तं इचारायले उरले तुम्ही!"